अठ्ठावन्न किलो

काहीही उचलायच्या आधी ते थांबत. भाजीची पिशवी असो, पाण्याची बादली असो की मंडळाच्या हॉलमधली सतरंजी. वस्तूला हात लावायचा, पण उचलायची नाही. तोंडाने हळूच श्वास सोडायचा, बेंबी आत ओढायची आणि वस्तूलाच समजावून सांगावं तसं म्हणायचं, “पहिले ढील काढा.” मग वस्तू उठे. पाव किलो कोथिंबीरसुद्धा याच विधीने उठे. बघणाऱ्याला हसू येई. मलाही येत असे.

ते वीजकेंद्राच्या कोळसा विभागात फिटर होते. चेनपुलीने जड मोटर उचलताना आधी साखळी हळूहळू ताणून घेतात. तिच्यातला सैलपणा म्हणजे ढील. ती न काढता झटका दिला तर साखळी तुटते, किंवा खालचा माणूस. चौतीस वर्षं त्यांनी ढील काढली. निवृत्तीपर्यंत त्यांच्या हाताखाली कोणी चेंगरलेलं नव्हतं, आणि याचा त्यांना इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त अभिमान होता.

मी तिथल्याच शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्त झालं की ऊर्जानगर या कंपनीच्या वसाहतीतलं क्वार्टर सोडावं लागतं. पण वीजकेंद्राच्या चिमण्या दिसेनाशा होऊ नयेत अशा बेताने आम्ही काही जणांनी रस्त्याकडेला प्लॉट घेतले आणि घरं बांधली. वसाहत झाल्यावर ज्येष्ठांचं मंडळ झालं, मंडळाला हॉल झाला, आणि अर्ज नीट लिहिता येतो या एकाच गुन्ह्यासाठी मी सचिव झालो. अशी मंडळं तुमच्याही गावात असतीलच. त्यांचं मुख्य काम सत्कार करणं हे असतं. सत्काराला माणूस उरला नाही की ती आरोग्याकडे वळतात.

आमच्याकडे आरोग्य आलं ते एका इंजिनिअरच्या सुनेच्या रूपाने. ती फिजिओथेरपी शिकलेली. तिने हॉलच्या दारावर कागद लावला : पिलाटेस, पाठीच्या आणि पोटाच्या आतल्या स्नायूंसाठी, सकाळी सहा ते सात. “आपला योगा असताना हे काऊन?” असं निम्म्या मंडळाने विचारलं. मी त्याबद्दल थोडं वाचलं होतं, त्यामुळे न करताच माझं मत तयार होतं. तरी गेलो, कारण स्कूटरवरून चंद्रपूरला जाऊन आलो की मला रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा पत्ता पाठीत सापडत असे.

पहिल्या दिवशी पंधरा बायका आणि आम्ही चार पुरुष होतो. हे फिटर फुल पँट, कमरेला पट्टा आणि शर्ट आत खोचून आले होते. सतरंजी झटकली तशी तिच्यातून कोळशाची बारीक पूड उडाली. ते खाली बसले आणि त्यांनी हात वर केला.

“मॅडम, ह्याच्यानं किती उचलता येईन?”

“काका, हे वजन उचलायचं नाही. हे आतून—”

“ते समजलं. अठ्ठावन्न किलो उचलता येईन का? रोज. साताठ खेपा.”

सगळे हसले. मागून कोणी तरी म्हणालं, “भाऊ, घरी धानाचं पोतं ठेवून राह्यले का?”

“नाई,” ते शांतपणे म्हणाले, “पोत्याले कान राह्यते धराले. ह्या लोडले धराले जागा नाई.”

आठवड्याने कसली तरी सूचना द्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा लोड पाहिला. खाटेवर त्यांची बायको होती. वर्षभरापूर्वी अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली होती. एकेकाळी ही बाई कंपाउंडवरून चार घरांशी एकाच वेळी भांडू शकत असे. आता तिला एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा लागे. मुलगी हैदराबादला नोकरीत होती. मदतीला ठेवलेल्या दोन बाया एकामागून एक पाठ धरून सोडून गेल्या होत्या. उरले हे. आणि यांची पाठही चौतीस वर्षं पाने-हातोडे घेऊन वाकलेली होती.

फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटने पावलं रंगवलेली होती. खाटेजवळ दोन, चाकाच्या खुर्चीभोवती चौकोन, न्हाणीच्या दारात दोन, ओसरीवर पुन्हा एक चौकोन.

“वर्कशॉपमध्ये नाई का राह्यत पट्ट्या?” ते म्हणाले. “पाय जागेवर पडला का लोड हालत नाई.”

पाच वाजले होते. त्यांनी पिवळ्या पावलांवर पावलं ठेवली, गुडघे वाकवले, तिला छातीशी घेतलं, श्वास सोडला. “पहिले ढील काढा,” ते तिच्या कानाशी म्हणाले. ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. “पड...सान,” ती म्हणाली आणि हसली. ते पडले नाहीत. खुर्ची ओसरीवर गेली. साडेपाचला जनरल शिफ्टची कंपनीची बस समोरून गेली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि तिने डावा हात वर केला.

“तीस वर्सं ह्या बसची वाट पाह्यली तिनं,” ते म्हणाले. “मी यात राहो. आता मी मागंच उभा हाओ, तरी पाह्यतेच.”

त्या दिवसापासून आम्ही अठ्ठावन्न किलोला हसलो नाही.

पिलाटेसबद्दल मला जे कबूल करायचं ते इथेच करून टाकतो. वजन कमी होत नाही. पोट दिसायला तसंच राहतं. पँट सैल होत नाही. पाठीवर झोपून एक पाय सरकवणं, कंबर उचलून कणा एकेक मणी ठेवल्यासारखा खाली टेकवणं, मान उचलून हात हलवत शंभर मोजणं, असले प्रकार बघणाऱ्याला रिकामटेकडे वाटतात. पण तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी उभ्याने मोजा घातला आणि घातल्यावर लक्षात आलं की भिंत धरली नव्हती. खड्डे होते तिथेच राहिले, पाठीतून मात्र गेले. मॅडम म्हणत, कण्याभोवती आत एक पट्टा असतो, आपण तो विसरलेलो असतो. कोळशाचे कन्व्हेअर बेल्ट सांभाळलेल्या आमच्या फिटरांना हे एकदम पटलं. “म्हंजे आंगातलाच बेल्ट. बेल्ट ढिला झाला का कोळसा सांडते. रोलरले दोष देऊन काय फायदा?”

वर्गात त्यांच्याइतकं नीट कोणालाच जमत नव्हतं. सात वाजले की मात्र ते सतरंजी गुंडाळून निघत. चहाला थांबत नसत. सहा ते सात बायको झोपलेली असे, तेवढाच त्यांचा स्वतःचा वेळ. त्या वेळातही ते तिलाच उचलायची तयारी करत होते.

मग एक दिवस त्यांनी मॅडमला विचारलं, “तिचाही बेल्ट असनच ना आत?”

मॅडम घरी जाऊ लागल्या. खाटेच्या काठावर तिला बसवायचं, दोन्ही तळवे फरशीला, श्वास सोडायचा, बेंबी आत आणि आधार सोडायचा. पहिल्या दिवशी तीन आकडे मोजून होईतो ती कलंडली. दुसऱ्या सकाळी त्यांनी वर्गात येऊन जाहीर केलं, “तीन.” पुढच्या आठवड्यात, “अकरा.” आमच्या वर्गाला एक नवीनच छंद लागला. सतरंज्या घालायच्या आधी आम्ही दाराकडे बघायचो. “चाळीस.” टाळ्या. “काल पासष्ट, पण मधी डास चावला.” दिवाळीच्या जरा आधी ते पेढे घेऊन आले आणि त्यांनी डबा पुढे केला. पेढा घेताना मीच विचारलं, “शंभर?” त्यांनी नुसती मान हलवली. पुढे तर ती कुशीवर वळून, डाव्या कोपरावर जोर देऊन स्वतःची स्वतः उठून बसायला लागली.

मॅडमनी बजावलं होतं, “बसणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं, काका. सोबत कोणी नसताना त्यांना काठावर येऊ द्यायचं नाही.” काकांनी ते समोरच्या घरातल्या वहिनींना सांगितलं होतं, मुलीला फोनवर सांगितलं होतं, मलाही सांगितलं होतं.

आता सत्काराकडे येतो. येणं भाग आहे.

मंडळाने आरोग्य सप्ताह ठरवला. फ्लेक्सवर ‘मजबूत कणा, निरोगी वार्धक्य’ असं होतं. प्रमुख पाहुण्यांचा फोटो त्या अक्षरांच्या चौपट होता. समारोपाला आदर्श ज्येष्ठ म्हणून एकाचा सत्कार करायचा होता आणि नाव मी सुचवलं. मानपत्रही मीच लिहिलं. आयुष्यभर मी वर्गात अशा भाषेची टिंगल केली होती. त्या मानपत्रात ‘कर्तव्याचा मेरुदंड’ असे शब्द माझ्याच हातून लिहिले गेले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलेही.

“सर, हे काऊन?” ते म्हणाले. “मी माह्या बायकोले उचलून राह्यलो. त्याच्यात शाल कायची?”

“लोकांना प्रेरणा मिळते,” मी म्हणालो. मीच.

“पाचले मले मोकळं करा लागीन. साडेपाचची बस राह्यते तिची.”

“कार्यक्रम चारला आहे. पाचच्या आत तुम्ही घरी.”

पाहुणे सव्वापाचला आले. तोवर कंटाळून निम्मे लोक चहाला पांगले होते आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. मंचावर त्यांना हार घालून बसवलेलं होतं आणि ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. रिकाम्या खुर्च्यांचा फोटो निघेल या भीतीने मी स्कूटर काढली आणि घरोघरी माणसं गोळा करत फिरलो. त्यांच्या घरी समोरच्या वहिनी सोबतीला बसल्या होत्या. दारातूनच मी म्हणालो, “वहिनी, चला. शालीची वेळ झाली.”

“मी कशी येऊ सर? ह्यायले एकटं सोडून?”

“पाच मिनिटं. शाल झाली की तुम्ही आणि भाऊ दोघंही परत.”

खाटेवरून तिने डोळे उघडले. तिला सगळं समजत होतं. डावा हात वहिनींकडे हलवून तिने शब्द ओढून काढले. “जा... पाहा.” नवऱ्याचा सत्कार कोणी तरी आपल्या घरचं पाहावं, एवढंच तिला वाटलं असेल. वहिनी पदर सावरत माझ्या स्कूटरवर बसल्या.

पाहुण्यांना सोफ्यातून उठवायला दोन माणसं लागली. उठल्यावर ते कण्याच्या महत्त्वावर बोलू लागले. राष्ट्राचा कणा, समाजाचा कणा, कुटुंबाचा कणा. शाल सगळ्यांत शेवटी होती, कारण फोटोग्राफर उशिरा आला होता. कुटुंबाच्या कण्यापर्यंत भाषण आलं असताना बाहेर बसचा हॉर्न वाजला. माइकमधूनही तो ऐकू आला. आमचे सत्कारमूर्ती अर्धे उठले. पाहुण्यांनी बोलता बोलता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. “बसा, बसा. तुमच्याचबद्दल बोलतोय.” लोक हसले. मी पहिल्या रांगेत होतो आणि मीही हसलो.

शाल अंगावर असतानाच ते हॉलमधून निघाले. आम्ही मागोमाग पोचलो तेव्हा ती फरशीवर होती, ओसरीच्या दाराकडे तोंड करून. खाटेवर पांघरूण नीट बाजूला सारलेलं होतं. ती स्वतः उठून बसली होती, काठावर आली होती, दोन्ही पाय खाली सोडले होते आणि बसकडे जायला निघाली होती.

दवाखान्याच्या बाकावर त्यांनी मला ते समजावून सांगितलं. एखादा अपघात झाल्यावर फिटर साहेबाला सांगतो तसं, कोणावर ठपका न ठेवता.

“बरोबर बसली होती, सर. पिवळ्या खुणेवर पाय ठेवले होते तिनं. श्वासही सोडला असन.” आणि मग, “पुढचं मी शिकवलंच नोतं.”

मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्या काही तरी बोलायला गेल्या आणि तोंड फिरवून रडल्या. त्यांनी काही चुकीचं शिकवलं नव्हतं. जे शिकवलं ते सगळं तिला आलं होतं, एवढंच.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तिच्या अंगात ऑपरेशन सोसायची ताकद नाही, असं डॉक्टर म्हणाले. पडून पडून छातीत कफ भरला. तीन आठवड्यांनी त्यांनी तिला घरी आणलं. मी रोज जात असे. कुशीवर वळवायला तिच्या अंगाखाली एक चौघडी केलेलं कापड असे, त्याची टोकं धरून ते तिला हलवत. दुसऱ्या दिवशी मी ते कापड ओळखलं. मंडळाची शाल होती.

“चांगली मजबूत आहे,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचे भाऊ चामोर्शीकडून आले. तिचा श्वास तुटक झाला होता. आमच्याकडे जीव जायच्या आधी माणसाला खाटेवरून जमिनीवर घेतात. भावजयीने फरशी सारवल्यासारखी पुसून घेतली, सतरंजी अंथरली. चार पुरुष पुढे झाले. एकाने डोक्याकडून हात घातला.

“थांबा,” ते म्हणाले.

“भाऊ, चौघं आहो ना आमी.”

“लोड माहा आहे.”

चौघे मागे सरले. ते खाटेजवळ आले आणि सवयीने त्यांनी खाली बघितलं. खुर्चीसाठी खूण होती, न्हाणीसाठी होती, ओसरीसाठी होती. जमिनीवर ठेवण्यासाठी त्यांनी खूण केलेली नव्हती. क्षणभर त्यांची पावलं नुसतीच हलली. मग जिथे जागा मिळाली तिथे ते उभे राहिले, वाकले, हात घातले, श्वास सोडला. तिच्या कानाशी ओठ हलले. काय म्हणाले ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती वर आली, इतकी सहज की त्यांचा तोल मागे गेला. साखळी ताणावी आणि खाली काही नसावंच, तसा. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“हलकी झाली, सर,” ते म्हणाले. “अठ्ठावन्न नाई हे.”

मग त्यांनी तिला एकेक मणी टेकवावा तसं जमिनीवर ठेवलं. आधी कंबर, मग पाठ, मग मान. वर्गात हे इतकं नीट कोणालाच जमत नसे.

तेरावं झाल्यावरही ते वर्गाला आले नाहीत. मॅडम दोनदा जाऊन आल्या. “काका म्हणतात, आता काय उचलाचं हाये,” एवढंच सांगून त्या सतरंजीकडे वळल्या. आम्ही आजही सहाला जमतो. वर्ग वाढला आहे. त्यांची भिंतीजवळची जागा मात्र कोणी घेत नाही. शंभर मोजायला लागलो की अठ्ठावन्नच्या आसपास सगळ्यांचे आवाज आपोआप बारीक होतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी एकदा संध्याकाळी गेलो. ते ओसरीवर तिच्या चाकाच्या खुर्चीत बसले होते. चार महिन्यांत कोणी इतकं खचू शकतं हे मी पुस्तकांत वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. पाठीची कमान झालेली, पोट सैल पुढे आलेलं, हात मांडीवर पडलेले. शेजारी पाण्याचा तांब्या होता आणि तो उचलायलासुद्धा ते खुर्चीच्या हाताला धरत होते.

मला एक गोष्ट सांगायची होती. चार महिने रोज ती जुळवून ठेवत होतो. मराठीच्या मास्तराला वाक्यं कमी पडायला नकोत, पण पडली. “त्या दिवशी वहिनींना...” एवढंच म्हणालो.

“वहिनीनं सांगतलं मले,” ते म्हणाले. “दवाखान्यातच.”

म्हणजे बाकावर ते मला पिवळ्या खुणांचं सांगत होते तेव्हा त्यांना माहीत होतं. त्या तीन आठवड्यांत माहीत होतं. शाल मजबूत आहे म्हणाले तेव्हाही. मी तिथे बसून राहिलो. ते काही पुढे बोलतील, निदान एखादी शिवी तरी देतील, याची वाट बघितली. ते रस्त्याकडे बघत राहिले.

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “पाठ सरळ करून बसा ना. इतकं कमावलं होतं तुम्ही.”

“राहू द्या, सर,” ते म्हणाले. “ढीलच बरी आता.”

साडेपाचला बस आली. ड्रायव्हर जुनाच होता. त्याने सवयीने हॉर्न वाजवला. ते मान वर करतील असं मला वाटलं. त्यांनी केली नाही. बस पुढे जाईपर्यंत हॉर्न पुन्हा एकदा वाजला. मग मीच हात वर केला.

पावसाळ्याआधी ते भावाकडे गावी गेले. घराला कुलूप आहे. खिडकीतून डोकावलं तर फरशीवरची पिवळी पावलं अजून दिसतात, आणि त्यांच्यावर धुळीचा पातळ काळा थर.